दादाची वंशावळ आणि एक्स्टेंडेड मेमरी

गेले तीन-चार महिने मी एका जुन्या प्रोग्रॅमच्या मागे लागले आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, रत्नागिरीत तीसेक वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने 'एक्स्टेंडेड मेमरी' या विषयावर लिहायला बसावं यातली गंमत मलाही कळते. पण विषय घरातला आहे. शिवाय मला तो ज्या तऱ्हेने उमगला त्याच तऱ्हेने सांगितला, तर ज्यांच्या माळ्यावर जुन्या फ्लॉप्यांचा डबा पडला आहे त्यांना थोडा उपयोगही होईल.

प्रोग्रॅम माझ्या मोठ्या भावाचा. दादा मुंबईत एका कचेरीत नोकरीला होता. १९८९च्या सुमाराला आमच्या कुळाचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं. कोकणात ही गोष्ट काही नवी नाही. गेल्या शतकात इथल्या कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावचा, कोणत्या शाखा देशावर गेल्या, कुलदैवत कोणतं, कोणी इनाम मिळवलं, कोणी घालवलं. (घालवलेलं सहसा छापत नाहीत.) माहिती गोळा करायचं काम दादाने अंगावर घेतलं. पंधरा पैशांची पोस्टकार्डं गठ्ठ्याने आणायची, पत्ते शोधून पाठवायची, आलेली उत्तरं बुटाच्या खोक्यात शाखावार लावून ठेवायची. डोंबिवलीच्या त्याच्या दोन खोल्यांत अशी अकरा खोकी होती. वहिनी म्हणायची, "आमच्याकडे माणसांपेक्षा पूर्वज जास्त राहतात."

खोकी वाढली तसा दादा संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागला. पन्नाशीतला माणूस, शेजारी कॉलेजची पोरं. त्या काळी अशा क्लासांत डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस किंवा फॉक्सप्रो एवढं शिकवत. दादाला फॉक्सप्रो आवडलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने ते काढलं होतं. १९९२मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्याच वर्षी दादाने स्वतःचा संगणक घेतला. ३८६ जातीचा, एक एमबी मेमरीचा. एक जीबी नव्हे, एमबी. आज फोनवर काढलेला फणसाचा एक फोटोही त्यात मावला नसता.

सगळी माहिती त्याने रोमन अक्षरांत भरली. मराठी अक्षरं तेव्हा डॉसमध्ये येत नसत असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड मिळत असे. ते संगणकाच्या आत बसवलं की डॉसमधल्या प्रोग्रॅमांतही देवनागरी उमटायची. पण ते दादाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. आज मागे वळून पाहता एका अर्थी बरं झालं. ज्यांनी त्या कार्डावर मराठी भरलं, त्यांच्या फायली आज साध्या इम्युलेटरमध्ये उघडल्या तर कार्ड नसल्यामुळे पडद्यावर भलत्याच चिन्हांची रांगोळी दिसते. दादाचं रोमन निदान वाचता येतं. त्याची वेगळी दुखणी आहेत, ती पुढे सांगते.

आता मुद्द्याची गोष्ट. कुलवृत्तांतात माणसांना क्रमांक असतात. मुलगा, त्याच्यापुढे बापाचा क्रमांक, बापापुढे आजोबांचा. लेकी बापाच्या नोंदीत एका ओळीत येतात, पुष्कळदा फक्त संख्येने. 'तीन मुलगे, दोन मुली.' दादाने आपल्या रचनेत आणखी एक रकाना घातला, आईच्या क्रमांकाचा. फॉक्सप्रोत रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे, म्हणून तो त्याला 'आईक्रम' म्हणायचा. आईला क्रमांक द्यायचा तर आईची स्वतंत्र नोंद हवी. सुनेची नोंद हवी तर लेकीची का नको? असं करत त्याने लेकींच्याही पुऱ्या नोंदी केल्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, दिलेलं गाव, मुलं. पोस्टकार्डं बहुतेक पुरुषांची येत. त्यात बायकोचं माहेरचं नाव विचारलं की 'कळवितो' असं उत्तर यायचं. मग सुट्टीत इकडे आला की दादा घरोघर जाऊन आज्यांना विचारायचा. कधीकधी मीही बरोबर असे. पुरुष ओटीवर बसून पेशव्यांपर्यंत पोचायचे, आणि आम्ही माजघरात चहा घेता घेता खरी माहिती काढायचो.

पुरुषांच्या नोंदी तीन हजारांच्या आत होत्या. लेकीसुना धरल्या तर आकडा साडेचार हजारांच्या वर गेला. आणि प्रोग्रॅम अडला.

तो का अडला हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. वंशावळीचं झाड काढताना दादाचा प्रोग्रॅम सगळ्या माणसांना एका रांगेत उभं करतो. तिला 'ॲरे' म्हणतात. आमच्या वर्गातल्या हजेरीसारखी ही रांग. फॉक्सप्रोच्या साध्या आवृत्तीत अशा एका रांगेत ३,६०० घरं मावत. तिची एक मोठी बहीणही त्याच खोक्यात मिळायची, विस्तारित आवृत्ती. नावापुढे एक्स लावलेली. तिच्या रांगेत ६५,००० घरं. पण या एक्सला एक्स्टेंडेड मेमरी लागायची.

ही मेमरी काय प्रकरण आहे ते मी आमच्या जुन्या घरावरून समजावून घेतलं. समजा, घराला १,०२४ खण आहेत. आयबीएमचा पहिला पीसी १९८१मध्ये आला, त्याच्या प्रोसेसरचा हात एवढ्याच खणांपर्यंत पोचायचा. एक खण म्हणजे एक केबी, सगळे मिळून एक एमबी. त्यातले ६४० खण घरच्या वावराला, म्हणजे प्रोग्रॅमांना. उरलेले ३८४ पडदा वगैरे यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी राखलेले. देवघरात जसं कोणी अंथरूण घालत नाही, तसं तिथे कोणी हातपाय पसरायचे नाहीत.

पुढे जे प्रोसेसर आले त्यांचा हात लांब होता. परसदाराबाहेर आगर, आगराच्या टोकाला मांगर, तिथपर्यंत पोचणारा. मांगरात जागाच जागा. हीच एक्स्टेंडेड मेमरी, एक एमबीच्या पलीकडची. पण डॉस हा जुन्या घरातला म्हातारा. त्याला परसदाराची वाटच ठाऊक नव्हती, आणि जुने प्रोग्रॅम त्याच्या सवयीने वागणारे. मग निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. १९८५मध्ये लोटस आणि इंटेल यांनी एक काढली, मागाहून मायक्रोसॉफ्टही त्यात आलं. राखीव खणांत ६४ केबीची एक खिडकी करायची, आणि बाहेरचा माल सोळा-सोळा केबीच्या चार टोपल्यांतून त्या खिडकीत आणून दाखवायचा. या युक्तीच्या मेमरीला म्हणतात एक्स्पांडेड. एक एक्स्टेंडेड आणि दुसरी एक्स्पांडेड! दोन्हींचं मराठी 'विस्तारित'च होतं. मी दुसरीला मनात 'खिडकीची मेमरी' म्हणते, म्हणजे घोळ होत नाही.

दुसरी युक्ती १९८८मध्ये नियमात बसवली गेली. मांगराची किल्ली एका गड्याकडे द्यायची. कोणाला किती जागा दिली, कोणाची कुठे संपली, याचा हिशोब तो ठेवणार. डॉसमध्ये या गड्याचं नाव हायमेम. आणि फॉक्सप्रोच्या एक्ससारखे प्रोग्रॅम त्याहून पुढचे. ते सरळ मांगरातच बिऱ्हाड करतात आणि डॉसशी काही काम निघालं तर तेवढ्यापुरते घरात येतात.

म्हणजे दादाला लेकींसाठी मांगर बांधणं भाग होतं. एक एमबीत ते होणार नव्हतं. १९९३च्या दिवाळीत त्याने जुन्या पट्ट्या काढून एकेक एमबीच्या चार नव्या पट्ट्या बसवल्या. नेमकी तेव्हाच मेमरी महाग झाली होती. त्या वर्षी जुलैमध्ये जपानात निइहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. चिपांवर जे राळेसारखं आवरण घालतात त्याचा मोठा वाटा त्या एकाच कारखान्यातून येत असे. जगभर मेमरीचे भाव चढले, आणि त्याची झळ डोंबिवलीत आमच्या वहिनीच्या नव्या पडद्यांना लागली. पडदे पुढच्या वर्षावर गेले. त्यावरून घरात थोडं वाजलंही. पण पट्ट्या बसल्या, एक्स चालू झालं आणि दादाने त्या रात्री दहा वाजता शेजाऱ्यांकडे फोन करून मला निरोप ठेवला, "सगळ्या मावल्या."

१९९४च्या मे महिन्यात कुलवृत्तांताच्या मंडळींची बैठक रत्नागिरीत झाली. मी चहापाण्याच्या बाजूला होते, पण बोलणं ऐकू येत होतं. लेकींच्या स्वतंत्र नोंदी छापायच्या की नाही यावर एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, पण त्या यंत्रात बसत नाहीत ना?" हे त्यांना पूर्वी कधीतरी दादानेच सांगितलेलं. दादा म्हणाला, "आता बसतात." क्षणभर सगळे गप्प झाले. मग कागदाचा भाव निघाला. मग पानं निघाली. मग लेकींची मुलं ती दुसऱ्या कुळाची, त्यांच्या कुळवाल्यांनी छापावीत, असं निघालं. शेवटी ठरलं ते पहिल्यापासून ठरलेलंच होतं.

यंत्राची अडचण कशी सोयीची असते पाहा. खरं कारण बोलावं लागत नाही. ती अडचण पदरमोड करून दूर केली, तेव्हा कुठे खरं कारण बाहेर आलं. योगायोग असा की त्याच वर्षी २२ जूनला महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि त्यानंतर लग्न होणाऱ्या लेकींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. साऱ्या देशात हे व्हायला २००५ साल उजाडलं. आमच्या बैठकीनंतर जेमतेम महिन्याभराने सरकारने लेकींना सातबाऱ्याच्या वाटेवर घेतलं होतं. कुलवृत्तांत १९९६मध्ये छापून आला. चांगला जाडजूड आहे, कापडी बांधणीचा.

छपाईसाठी दादाला लेकींच्या नोंदी काढून टाकायला सांगितलं होतं. त्याने त्या काढल्या. आता फॉक्सप्रोत 'काढणं' म्हणजे काय, ते ऐका. तिथे 'डिलीट' म्हटलं की नोंद जात नाही. नोंदीच्या अगदी पहिल्या घरात एक फुली पडते, चांदणीसारखी. प्रोग्रॅमला सांगून ठेवलं असेल तर तो फुलीवाल्या नोंदी दाखवत नाही. पण त्या फायलीत जिथल्या तिथे असतात. त्या खरोखर घालवायच्या तर 'पॅक' नावाची दुसरी आज्ञा द्यावी लागते. मग फाइल नव्याने लिहिली जाते, आणि त्यानंतर काही हाती लागत नाही. दादाने छापखान्यासाठी यादी काढली तेव्हा नोंदींवर फुल्या होत्या. पॅक मात्र त्याने कधीच केलं नाही. त्याच्या वहीत एका पानावर तारीख घालून लिहिलं आहे : 'छपाई प्रत दिली. पॅक केलेले नाही. करू नये.' 'करू नये'खाली दोन रेघा.

दादा २०१३मध्ये गेला. फ्लॉप्या त्याच्याआधीच गेल्या होत्या. निवृत्तीनंतर तो रत्नागिरीत राहायला आला, आणि इथल्या पावसाळी हवेत फ्लॉपीला बुरशी येते हे त्याला दोन पावसाळ्यांत कळलं. सुदैवाने त्याने सगळं वेळीच सीडीवर उतरवलं होतं. पुढे एक्सपीच्या संगणकावर ते चालायचं. तो संगणक एका वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा कामातून गेला. सीडी आणि वही माझ्या कपाटात आली आणि बरीच वर्षं तशीच राहिली.

यंदा मे महिन्यात भाच्याचा मुलगा पुण्याहून आला होता. इंजिनीअरिंगला आहे. त्याने सीडी वाचून दिली, हे उपकारच, कारण आता लॅपटॉपला सीडीची खाच नसते. त्याने ती वेगळी आणली. प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली तर लॅपटॉपने सांगितलं, हा माझ्यावर चालणार नाही. दोष कुणाचा नाही. आजचे ६४ बिटांचे विंडोज डॉसचे सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवतच नाहीत. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये त्यासाठी जो आधार होता तो यात ठेवलेला नाही.

"आजी, इम्युलेटर टाकू," तो म्हणाला. इम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा प्रोग्रॅम. दशावतारात संकासुर येतो तसा हा तुमच्या नव्या लॅपटॉपवर जुन्या संगणकाचं पूर्ण सोंग घेऊन उभा राहतो. प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड, मेमरी, सगळं खोटं. आतल्या जुन्या प्रोग्रॅमला वाटतं आपण १९९३मध्येच आहोत. आम्ही घेतला तो डॉसबॉक्स. तो २००२पासून आहे, फुकट आहे, आणि मुळात जुने खेळ खेळण्यासाठी केलेला आहे. कचेरीतल्या प्रोग्रॅमांसाठी व्हीडॉस नावाचा वेगळा एक आहे. पण पोराच्या हाताशी खेळांसाठीचा होता, म्हणून तोच टाकला. मी मात्र आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती करायला लावल्या. वंशावळीवर प्रयोग करायचे ते प्रतीवर करावेत.

फॉक्सप्रो उघडलं. निळा पडदा, वर पट्टी. वहिनी चष्मा लावून जवळ येऊन उभी राहिली. ऐंशीच्या पुढे गेलेली आहे. म्हणाली, "वन्सं, हाच हो तो निळा उजेड. रात्री दोन दोन वाजेपर्यंत माझ्या डोळ्यांवर यायचा."

नावं दिसली, पानं उलटली. पण वहीप्रमाणे फुलीवाल्या नोंदी दाखवायची आज्ञा देऊन झाड काढायला सांगितलं की प्रोग्रॅम बंद. आम्ही साधी आवृत्ती चालवत होतो, ३,६००वाली. वहीत दोन वाटा लिहिलेल्या होत्या, 'वंश' आणि 'वंशएक्स'. एक्स चालवायला गेलो तर ते उभंच राहीना.

पोरगा म्हणाला, "मेमरी कमी पडतेय. आपल्याकडे सोळा जीबी आहे, सगळी देऊन टाकू." या पिढीचा हा पहिला उपाय असतो. इम्युलेटरची एक साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात त्याच्या सोंगाचे तपशील लिहिलेले असतात. मेमरी किती हेही तिथेच. नेहमीचा आकडा १६ एमबी, आणि शेजारीच टीप असते की हा आकडा शक्यतो बदलू नका. मुलाने मोठा आकडा घातला. इम्युलेटरने तो मानला नाही. हा इम्युलेटर ६३च्या वर जातच नाही. मला यातली गंमत नंतर कळली. हायमेमच्या वेळचा हिशोब सोळा बिटांत ठेवलेला. सोळा बिटांत ६५,५३५पर्यंतच आकडा लिहिता येतो. तेवढे केबी म्हणजे ६४ एमबीला एक केबी कमी. त्यापुढची मेमरी दिली तरी त्या गड्याला मोजताच येत नाही, आणि चुकीचं मोजलं की काहीतरी भलतंच होतं. वर्गात तीसपर्यंतचे पाढे येणाऱ्या मुलाला एकदम साठाचा पाढा विचारण्यातला प्रकार.

खरं दुखणं दुसरंच होतं. डॉसमध्ये 'मेम' अशी आज्ञा दिली की कुठे किती जागा मोकळी आहे ते दिसतं. वहीत दादाने ती आज्ञा पहिल्याच पानावर लिहून ठेवली होती, 'अडले की प्रथम हे पाहावे'. ती दिली. घरातली सहाशेतीसच्या आसपास केबी मोकळी. एक्स्टेंडेडची ओळच नाही. सोळा एमबी आहे म्हणून लिहिलेलं, पण मांगराला कुलूप! मी विचारलं, "अरे, गडी कुठे आहे?" दादाच्या वहीत हायमेमची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये घालायला सांगितली होती. पण डॉसबॉक्स ती जुनी कॉन्फिग फाइल वाचतच नाही. त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये खाली डॉस नावाचा एक भाग आहे, त्यात एक्सएमएस, ईएमएस अशा ओळी असतात. एक्सएमएस म्हणजे आपला गडी, ईएमएस म्हणजे खिडकी. दोन्ही मुळात चालू असतात. पोराने कुठल्याशा जुन्या खेळासाठी केलेली आपली फाइल तशीच इथे आणली होती, आणि त्या खेळाला गडी चालत नव्हता, म्हणून ती ओळ बंद केलेली. काही जुने खेळ स्वतःच मेमरीचा कारभार पाहतात, त्यांना तिऱ्हाईत खपत नाही. ओळ चालू केली, आकडा पुन्हा १६वर आणला. 'मेम' दिल्यावर एक्स्टेंडेडची ओळ उमटली. एक्स उभं राहिलं.

झाड काढायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला. खाली एकूण संख्या आली, साडेचार हजारांच्या वरची. मी काही बोलले नाही. वहिनी म्हणाली, "मला काढा बघू." तिचा क्रमांक निघाला. तिची आई निघाली, आईची आई निघाली, तिच्यापुढे दादाने प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. पुस्तकात वहिनी एका कंसात आहे.

मला पाहायची होती ती आमची मोठी आत्या. वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा, मग जन्मभर माहेरी. आम्ही भावंडं तिच्याच हाताखाली वाढलो. १९६१मध्ये ती गेली तेव्हा मी शाळेत होते. छापील पुस्तकात आजोबांच्या नोंदीत 'तीन मुलगे, दोन मुली' आहे, त्या दोनांतली ती एक. इथे तिची स्वतंत्र नोंद होती, पुढे फुली. नाव, गंगा-गोदेच्या घराण्यातलं एक नदीचं नाव. सासरचं गाव गुहागरकडचं. आणि शेवटी लांब मजकुराचा रकाना, तो वेगळ्या फाइलमध्ये असतो. आमच्या आईने १९९२मध्ये सांगितलेलं दादाने तिथे जसंच्या तसं टिपलं होतं. बाळंतपणं कोणाकोणाची केली. कोणत्या आजारावर काय द्यायची. आणि मग एक ओळ : हिला वाचता येत होतं, भावांच्या पुस्तकांवरून स्वतः शिकली, पण घरात कोणाला कळू दिलं नाही.

मी जन्मभर मुलांना वाचायला शिकवलं. मला पहिलं अक्षर आत्यानेच दाखवलं होतं, रांगोळीने, मागच्या पडवीत. मला आतापर्यंत वाटत होतं की तिला तेवढीच चार अक्षरं येत असतील.

फुल्या काढायची फॉक्सप्रोतली आज्ञा आहे 'रिकॉल'. इंग्रजीत हा शब्द आठवण्यालाही आहे आणि परत बोलावण्यालाही. प्रतीवर ती आज्ञा मी माझ्या हाताने दिली. पोरगा बाजूला सरून बसला. 'ऑल' असं पुढे लिहिलं आणि एंटर दाबलं. दीड हजारांहून जास्त नोंदी परत आल्याचं यंत्राने शांतपणे कळवलं.

डॉसबॉक्समधून थेट छापता येईना, म्हणून सगळी यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतली. ती कुठल्याही संगणकावर उघडते, तिला ना मांगर लागतो ना गडी. आता काम आहे ते देवनागरीत आणायचं. रोमनची दुखणी म्हटलं होतं ती ही. न की ण, ल की ळ, ऱ्हस्व की दीर्घ, काही कळत नाही. दादाला ठाऊक होतं, त्याने विचारूनच लिहिलं होतं, पण कळीवर ळ नव्हता. यंत्राकडून अक्षरं पालटून घेतो, असं पोराने सुचवलं. मी नको म्हटलं. गावं यंत्र ओळखेल एखादवेळ. घरात हाक मारायची नावं कशी ओळखणार?

म्हणून रोज दुपारी दोन तास मी आणि वहिनी बसतो. तिला सासरच्या तीन पिढ्या तोंडपाठ आहेत, पण गेल्या वर्षभरात एखादं नाव मध्येच निसटतं, आणि मग ती चिडते. आजवर सहाशेच्या वर नावं झाली. जी अडतात त्यांची वेगळी यादी करते आणि फोन करते. परवा गुहागरकडच्या आत्याच्या सासरच्या शाखेपाशी पोचलो. तिथे आत्याच्या धाकट्या जावेचं माहेरचं नाव दादाने चार अक्षरी लिहिलं आहे : एम, ए, एन, आय. मनी, मणी, मानी, काहीही होईल. वहिनीला ती शाखा माहीत नाही. चिपळूणला त्या जावेची पणती असते, तिचा नंबर मिळवला. ती म्हणाली, "आत्या, मला नाही हो सांगता येणार. आईला विचारून रात्री फोन करते."